राक्षसाचं आजोळ

अहमदनगरच्या लष्करी छावणीत (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे) 1831 सालच्या नोव्हेंबरात एका इंग्रज सार्जंटच्या घरी मुलगी झाली. सार्जंट टॉमस एडवर्ड्स तिचं तोंड पाहायला उरला नव्हता. तीन महिने आधीच तो वारला होता. लंडनचा हा सुतार पोटासाठी फौजेत आलेला. त्याची बायको मेरी ॲन मुंबई फौजेतल्या ग्लॅस्कॉट नावाच्या लेफ्टनंटची मुलगी. तिच्या आईच्या अंगात हिंदी रक्त असावं, असं अभ्यासक मानतात. पदरात दोन मुली : थोरली एलायझा आणि ही धाकटी ॲना. मेरी ॲनने लवकरच दुसरं लग्न केलं आणि नव्या नवऱ्याच्या पलटणीमागे तिचं बिऱ्हाड पश्चिम हिंदुस्थानातल्या छावण्यांतून फिरत राहिलं.

धाकटी ॲना पुढे जगाला माहीत झाली. 1849 च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न लागलं, वैधव्य आलं, आणि 1862 मध्ये ती सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात राजाच्या मुलांना शिकवायला गेली. त्या दिवसांवर तिने पुस्तकं लिहिली आणि पुढे त्यांवरूनच 'द किंग अँड आय' ही प्रसिद्ध संगीतिका झाली. थोरल्या एलायझाने 1845 मध्ये गुजरातेतल्या डीसा छावणीत जेम्स मिलार्ड नावाच्या तोफखान्यातल्या सैनिकाशी लग्न केलं आणि ती इतिहासातून गडप झाली. पण गंमत अशी, की या गडप झालेल्या बाईच्या नातवाचा चेहरा आज शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. चौकोनी कपाळ, मानेच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले लोखंडी खिळे, जड पापण्या आणि तोकड्या बाह्यांतून लोंबणारे हात. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस! पडद्यावर तो उभा करणारा बोरिस कार्लोफ हा या एलायझाच्या मुलीचा मुलगा. राक्षसाच्या आजीचं माहेर असं नगर-पुण्याच्या बाजूचं निघतं.

कार्लोफला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. मग आज त्याची आठवण कशाला? कारण आपल्या घरातली वयात आलेली मुलं कानाला बोंडं लावून जे संगीत ऐकतात, त्यातल्या दोन मोठ्या घराण्यांच्या मुळाशी हा गृहस्थ आणि त्याचा एक प्रतिस्पर्धी उभे आहेत. एका घराण्याचं नाव हेवी मेटल, दुसऱ्याचं गॉथिक रॉक. 

काळा सदरा

या वाटेला मी लागलो तो माझ्या भाच्यामुळे. धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान अचानक गेले. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. दिवस-वारात एक थेंब डोळ्यांतून काढला नाही. त्यानंतर मात्र केस वाढले, अंगावर बारमाही काळा सदरा आला आणि बंद दाराआडून असलं संगीत ऐकू येऊ लागलं, की बहिणीला वाटे पोरगं हातचं गेलं. 2025 च्या जुलैत ऑझी ऑस्बर्न हा गायक वारला. त्या दिवशी तो जेवला नाही. बापासाठी न रडलेला मुलगा सातासमुद्रांपलीकडच्या कुणा गोऱ्या म्हाताऱ्यासाठी रडतो, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तिने मला बोलावून घेतलं. मामाने समजूत घालावी, एवढीच तिची अपेक्षा.

समजूत घालायला आधी शब्द तर हवेत! म्हणून मी त्याला घेऊन नागझिऱ्याला गेलो. आम्ही गोंदियाची माणसं. काही सुचेनासं झालं, की आम्हाला नागझिरा सुचतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 सालचा. पण अभयारण्य म्हणून नागझिऱ्याला 1970 सालापासून मान्यता आहे. नेमकं हेच साल पुढे या कथेत पुन्हा येणार आहे. साकोलीकडून पिटेझरीला पोचलो आणि फाटकाबाहेरच मुक्काम केला. हिवाळ्याचे दिवस. रात्री दिवा मालवल्यावर जंगलाच्या बाजूचा काळोख इतका दाट होता, की शेजारच्या खाटेवरचा मुलगा दिसेना. आणि अशा काळोखातच तो बोलायला लागला. बापाबद्दल नव्हे, ऑझीबद्दल, त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाबद्दल, आणि ते नाव ज्या सिनेमावरून घेतलं त्यातल्या बोरिस कार्लोफबद्दल.

परत आल्यावर मी पुस्तकं मिळवली आणि या माणसाचं आयुष्य वाचत गेलो. ते असं होतं.

मीठखात्यातल्या साहेबाचा मुलगा

एलायझा मिलार्डची मुलगी, आईचंच नाव असलेली, 1864 मध्ये सुरतेत एडवर्ड जॉन प्रॅट यांना दिली. नवरी सोळा वर्षांची, नवरदेव अडतीस. ते सरकारी मीठखात्यातले अधिकारी. त्यांचीही आई हिंदी असल्याचं सांगितलं जातं. हे कुटुंब पुढे इंग्लंडला गेलं आणि 23 नोव्हेंबर 1887 रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात शेंडेफळ जन्माला आलं, विल्यम हेन्री प्रॅट. त्याच सुमारास इकडे मुंबईत व्हीटी स्टेशनची इमारत पुरी होत होती. तिच्या टोकदार कमानी, कोपऱ्याकोपऱ्यांतून वाकून पाहणारे दगडी प्राणी आणि उंच मनोरे ज्या शैलीचे, तिला गॉथिक म्हणतात, एवढं या ठिकाणी लक्षात ठेवायचं.

विल्यम लहान असतानाच आई गेली. बापाचं छत्र नव्हतंच म्हणायचं. थोरल्या भावंडांनी आणि सावत्र बहिणीने त्याला वाढवलं. पाय किंचित फेंगडे, बोलताना अडखळणं, 'स' चा उच्चार बोबडा. अडखळणं त्याने मेहनतीने घालवलं. बोबडेपण जन्मभर राहिलं. रंग चारचौघांत उठून दिसेल इतका सावळा. नवव्या वर्षी नाताळातल्या 'सिंड्रेला'च्या प्रयोगात त्याला काम मिळालं ते राक्षसांच्या राजाचं. भविष्य जणू तेव्हाच ठरलं.

घराण्याला मात्र असलं भविष्य नको होतं. प्रॅटांची मुलं सरकारी चाकरीसाठीच जन्माला यायची. एक भाऊ चीनमधल्या वकिलातीत गेला आणि पुढे सर जॉन प्रॅट झाला. दुसरा, फ्रेडरिक, आय.सी.एस. होऊन मुंबई इलाख्यात आला. आपल्यापैकी ज्यांनी गांधीजींची आत्मकथा वाचली असेल, त्यांना 1918 च्या खेडा सत्याग्रहातले कमिशनर प्रॅट आठवतील. पीक बुडालेल्या पाटीदारांनी सारा भरावा म्हणून त्यांना समजावणारे, दरडावणारे. तेच हे. एक भाऊ साम्राज्याचा कमिशनर म्हणून शेतकऱ्यांपुढे उभा असताना धाकटा भाऊ अमेरिकेत नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव भटकत होता.

विल्यमलाही वकिलातीच्या नोकरीसाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातलं होतं. पण 1909 मध्ये अभ्यास टाकून तो कॅनडाला निघून गेला. तिथे शेतावर राबला, पडेल ते अंगमेहनतीचं काम केलं आणि अखेर एका फिरत्या मंडळीत शिरला. नाव बदलून झाला बोरिस कार्लोफ. कार्लोफ हे आईकडचं जुनं आडनाव, असं तो सांगे. पण त्याच्या मुलीला घराण्यात या नावाचा कुणी सापडला नाही. घरच्यांना आपली लाज वाटू नये, हेही त्या बदलाचं एक कारण होतं.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, की नाटकमंडळ्या गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात. आज या गावी राजा, उद्या त्या गावी खलनायक, परवा म्हातारा बाप. कार्लोफची तब्बल दहा वर्षं अशीच गेली. रोज नवी भूमिका पाठ करायची, सामान आपणच उचलायचं आणि मंडळी बुडाली की दुसरी शोधायची. पुढे हॉलिवुडला आला तर तिथेही मूकपटांतली किरकोळ कामं, तीही बहुतेक अरब, हिंदू किंवा रेड इंडियन अशी. ज्या सावळ्या रंगाबद्दल घरात अवाक्षर निघत नसे, तोच रंग आता पोटाला देत होता. तेवढ्यावर भागेना म्हणून मालमोटार चालवली, बांधकामाचं सामान चढवलं-उतरवलं.

लपवाछपवी या घराण्याच्या अंगवळणी पडलेली होती. नगरला जन्मलेल्या ॲनाने आपण वेल्समध्ये जन्मलो, वडील कॅप्टन होते, असं जन्मभर सांगितलं. बहिणीकडच्या गोतावळ्याशी तिने इतकं पुरतं तोडलं होतं, की प्रॅटांपैकी एकाने पत्र धाडलं तेव्हा तिने जीव देण्याची धमकी दिली. ती 1915 मध्ये मॉन्ट्रियलला वारली. त्याआधीची काही वर्षं तिच्या बहिणीचा हा नातू त्याच कॅनडात नाटकं करत हिंडत होता. तिचं खरं जन्मस्थान 1970 च्या दशकात उजेडात आणलं ते ब्रिस्टो नावाच्या संशोधकाने, आणि हे गृहस्थ मूळचे कोळ्यांचे अभ्यासक! भिंतीवरच्या कोळ्यांचे. जाळं उकलायला अधिक लायक माणूस कुठून मिळणार?

उजेडाकडे गेलेले हात

1931 मध्ये युनिव्हर्सल कंपनी मेरी शेलीच्या 1818 सालच्या कादंबरीवर चित्रपट काढत होती. राक्षसाची भूमिका आधी बेला लुगोसीकडे जाणार होती. हंगेरीचा हा नट त्याच वर्षी 'ड्रॅक्युला' म्हणून गाजला होता. त्याचं जमलं नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या नजरेत कार्लोफ भरला. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि गाठीला ऐंशीच्या आसपास चित्रपटांतली विसरलेली कामं होती.

रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज चार-चार तास त्याच्या चेहऱ्यावर काम करी. पायात अतिशय जड बूट, अंगात जाड पोशाख, वर दिव्यांचा उकाडा. शेवटच्या प्रसंगात नायकाला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याचं चित्रण पुन्हा पुन्हा झालं आणि कार्लोफच्या पाठीने जन्माचं दुखणं घेतलं. एवढं सोसून सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी होतं फक्त एक प्रश्नचिन्ह. पहिल्या खेळाचं निमंत्रणही कुणी त्याला दिलं नाही.

पण त्या प्रश्नचिन्हाने जे केलं ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. राक्षसाला बोलायला एक शब्द नाही. छताची झडप उघडते, अंधारात बसलेल्याच्या अंगावर आयुष्यातला पहिला उजेड पडतो. तो मान वर करतो. हळूहळू उठतो आणि दोन्ही हात वर करून उजेड धरू पाहतो. झडप बंद होते. रिकामे हात तो मालकापुढे पसरतो, बापापुढे खेळणं मागणाऱ्या मुलासारखे. पुढे तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्याशी खेळते. दोघं पाण्यात फुलं सोडतात, फुलं तरंगतात. त्याच्या हातची फुलं संपतात. फुलं तरंगतात तशी मुलगीही तरंगेल, एवढंच त्या बाळबोध जीवाला वाटतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. अनेक ठिकाणी परीक्षकांनी हा प्रसंग कापला, आणि कापल्यामुळे तो अधिकच भयंकर वाटला.

आपल्याकडे भरतमुनींनी रसांची वाटणी केली तेव्हा भयानक आणि करुण यांना वेगळाली पानं वाढली. एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी शोक. कार्लोफने हे दोन रस एका चेहऱ्यात आणले. ज्याला पाहून किंचाळावं, त्याचीच दया यावी. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा रात्री दिवा लावून वाचलेल्यांना हा अनुभव परका नाही. मुलांनी तर तो लगेच ओळखला. कार्लोफला लहान मुलांची पत्रं येत आणि त्यांना राक्षसाचा राग नसे, त्याची कणव असे. बापाने निर्माण केलं, नाव दिलं नाही आणि टाकून दिलं. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? फ्रँकेनस्टाइन हे नाव सुद्धा त्याचं नाही, ते त्याच्या निर्मात्याचं. 

ज्याच्यापुढे जायची भीती वाटत होती, तो प्रसंगही एकदाचा आला. 1933 मध्ये 'द घूल'च्या चित्रणासाठी तो चोवीस वर्षांनी मायदेशी गेला. सरकारी हुद्दे भोगलेले भाऊ काय म्हणतील, या विचाराने त्याची झोप उडाली होती. झालं भलतंच. छायाचित्रकार आले तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहण्यासाठी भावांनी एकमेकांना कोपरं मारली! 

त्याच वर्षी हॉलिवुडमध्ये नटांची संघटना उभी राहिली. कामाच्या तासांना धरबंध नव्हता आणि बोलणाऱ्याला काम मिळत नसे. अशा वेळी पहिल्या काही सभासदांत कार्लोफ होता. 1938 साली त्याच्या स्वतःच्या वाढदिवशी त्याला मुलगी झाली. 1940 पासून दर नाताळात तो बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात नाताळबाबाच्या वेषात जाऊन अपंग मुलांना खेळणी वाटायचा. मुलांसाठी गोष्टींच्या तबकड्या केल्या; 1966 च्या 'ग्रिंच' या नाताळपटाचं निवेदन त्याचं आणि त्याच्या तबकडीला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. पडद्यावर जगाला घाबरवलेल्या माणसाचा आवाज अखेरीस अंगाईच्या कामी आला.

सा आणि तीव्र मध्यम

आता पुन्हा संगीताकडे. 1963 मध्ये मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाने तीन भयकथांचा एक चित्रपट काढला. मूळ नावाचा अर्थ भयाचे तीन चेहरे. इंग्रजीत तो 'ब्लॅक सॅबथ' झाला. त्यातल्या एका गोष्टीत कार्लोफ कुटुंबप्रमुख झाला आहे. हा म्हातारा रक्तपिपासू होऊन घरी परततो. या जातीच्या पिशाच्चांचा नियम असा, की त्यांना ज्यांच्यावर जीव असतो त्यांचंच रक्त लागतं. नातवाला कुशीत घेण्यासाठी आजोबा हात पसरतो, आणि आपण खुर्चीत आकसतो. 

2 फेब्रुवारी 1969 रोजी इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या रुग्णालयात कार्लोफ वारला. अखेरची वर्षं चाकांच्या खुर्चीत गेली. दोन चित्रणांच्या मधल्या वेळात प्राणवायू घेऊन तो काम करी. त्याच वर्षी बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात चार कामगार पोरं नव्या नावाच्या शोधात होती. त्यांच्या वाद्यवृंदाचं 'अर्थ' हे नाव आणखी कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. तालमीच्या जागेसमोरच्या चित्रपटगृहात कार्लोफचा 'ब्लॅक सॅबथ' लागला होता आणि लोकांची रांग लागली होती. पदरचे पैसे टाकून लोक घाबरायला जातात, याचं त्यांच्यातल्या गीझर बटलरला नवल वाटलं. पुढे तेच नाव वाद्यवृंदाला मिळालं.

या पोरांत गिटार वाजवणारा टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली होती. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे तारा उतरवून सैल केल्या. त्यातून तो जड, खर्जातला आवाज निघाला. फेब्रुवारी 1970 मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. नागझिरा अभयारण्य झालं तेच हे साल. पहिल्या गाण्याचे मुख्य स्वर तीनच आहेत. भाच्याने ते गिटारवर वाजवून दाखवले, मी पेटीवर काढले. सा, वरचा सा आणि तिथून खाली तीव्र मध्यम. बस्स. या अंतराला जुने युरोपीय संगीतशास्त्री सैतानाचं नाव द्यायचे. पण हाच तीव्र मध्यम आपल्या यमनात संध्याकाळी देवापुढे समई लावल्यासारखा वाटतो. कारण तिथे त्याला गंधार आणि पंचमाची सोबत आहे. ब्लॅक सॅबथने त्याला एकटा सोडला. एकट्या स्वराची भीती वाटते, तशी एकट्या माणसाचीही वाटते.

दुसऱ्या घराण्याची कथा दहा वर्षांनंतरची. बेला लुगोसी 1956 मध्ये वारला आणि ड्रॅक्युलाच्या काळ्या झग्यातच त्याला पुरलं. जानेवारी 1979 मध्ये इंग्लंडमधल्या वेलिंगबरो गावी बाउहाउस नावाच्या चौघांनी त्याच्या मरणावर नऊ मिनिटांहून मोठं गाणं ध्वनिमुद्रित केलं. रिकाम्या वाड्यात पावलं वाजावीत तसा ताल, वर उतरत जाणारा खर्ज, आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. गॉथिक रॉकचा पाया या गाण्याने घातला असं मानतात. व्हीटीच्या कमानींवरून जे नाव आपण लक्षात ठेवलं, तेच हे. पडक्या किल्ल्यांच्या कादंबऱ्या, तिथून सिनेमा आणि सिनेमातून गाणं, असा त्याचा प्रवास झाला.

म्हणजे पाहा, मेटलने नाव घेतलं कार्लोफच्या चित्रपटाचं, गॉथिकने लुगोसीचं. एकाने भयाचा जडपणा उचलला, दुसऱ्याने शोकाचा सूर. 1987 मध्ये स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टने मेटलमध्ये स्त्रीस्वर आणि व्हायोलिनं आणली. 1991 मध्ये यॉर्कशरच्या पॅराडाइज लॉस्टने आपल्या तबकडीला 'गॉथिक' हेच नाव देऊन दोन्ही घराण्यांची सोयरीक उघड केली. एका बाजूला गुरगुरणारा पुरुष, दुसऱ्या बाजूला विलापणारी स्त्री. त्यांच्या शेजारच्या ब्रॅडफर्डच्या माय डाइंग ब्राइडने व्हायोलिन आणलं. 1994 मध्ये ब्रुकलिनच्या टाइप ओ नेगेटिव्हने, ज्यांना दोन्हींकडचे लोक आपलं म्हणतात, ब्लॅक सॅबथचं तेच पहिलं गाणं नव्याने गाऊन मूळ घराला वंदन केलं. जाणकार याला दोन शैलींचा संगम म्हणतात. मला विचाराल तर संगम फार आधीच झाला होता. 1931 मध्ये, एका मुक्या राक्षसाच्या पसरलेल्या हातांत. 

इशारा

नागझिऱ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आत गेलो. तळ्यावर धुकं होतं. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने गाडी थांबवायला सांगितली. कुठेतरी सांबर ओरडलं. एकदा, पुन्हा एकदा. झाडावरच्या वानरानेही खाकरून साथ दिली आणि चितळांचा कळप माना वर करून उभा राहिला. वाटाड्या म्हणाला, की भ्यालेलं जनावर गप्प पळालं तर एकटंच वाचतं. ओरडलं तर बाकीचेही वाचतात. वाघ काही आम्हाला दिसला नाही. भाचा मात्र त्या आवाजाच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिला. परतीच्या वाटेवर, साकोलीच्या जवळपास, तो प्रथमच बाबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलला. रुग्णालयात आपल्याला बाहेर बसवलं होतं, आत जाऊ दिलं नाही. एवढंच. मी गाडी चालवत राहिलो.

बहिणीला मी घरी येऊन सांगितलं ते साधं होतं. मुलगा अंधाराच्या नादी लागलेला नाही. अंधारात जे कुणी हाक मारत आहेत, त्यांचे आवाज तो ऐकतो आहे, कारण त्याला स्वतःला हाक मारायची आहे. दार वाजवायचं, आत जायचं आणि तेच गाणं त्याच्याशेजारी बसून ऐकायचं. बाकी काही करायचं नाही. ती आता तसं करते. आवाज तिला अजून आवडत नाही. पण पेटीवर काढलेले ते तीन स्वर तिला पाठ झाले आहेत.

ज्या घरात कुणी गेलेलं असतं, त्या घरात दुःखाला तोंड द्यायची प्रत्येकाची रीत निराळी. कुणी पोथी वाचतं, कुणी कामाला जुंपून घेतं, कुणी काळा सदरा घालतं. वडीलधाऱ्यांनी त्या सदऱ्याकडे पाहून घाबरू नये, एवढं तरी कार्लोफचं आयुष्य सांगतं. मुखवटा कितीही भयंकर असो, आत हात पसरलेलं कुणीतरी असतं.

त्याचा देह गिल्डफर्डला दहनभूमीत दिला. लंडनला कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये, नटांच्या देवळात, त्याच्या नावाची पाटी आहे. नगर-पुण्याकडे त्याच्या आजीच्या माहेरची कसलीही खूण नाही.

बावाच्या त्या चित्रपटाची इटालियन प्रत कधी पाहायला मिळाली तर शेवटपर्यंत बसा. इंग्रजी प्रतीत हा शेवट नाही. रात्रीची वेळ. रक्तपिपासू म्हातारा घोड्यावरून भरधाव निघाला आहे, मागे झाडं पळताहेत, वारा सुटला आहे. मग कॅमेरा हळूहळू मागे सरकतो आणि सगळं दिसू लागतं. घोडा खोटा आहे. झाडं पळत नाहीत, हातात फांद्या धरलेली माणसं गोल-गोल धावताहेत. आणि मधोमध पंचाहत्तरीचा म्हातारा कार्लोफ, दुखऱ्या पाठीने, खोट्या घोड्यावर हिंदकळत, आपल्याकडे पाहून मजेत हसतो आहे.